हॉलमार्क

सराफाच्या पेढीवर आपण सर्रास म्हणतो त्या ‘हॉलमार्क’मधला हॉल लंडनचा आहे. 1300 साली राजा पहिल्या एडवर्डने चांदीचा कस ठरवून दिला, हजारात 925 भाग शुद्ध. कसाला उतरलेल्या वस्तूवर बिबट्याच्या तोंडाचा ठसा उमटू लागला. पुढे 1478पासून सोनारांना माल तपासणीसाठी ‘गोल्डस्मिथ्स हॉल’मध्ये आणावा लागला. हॉलमध्ये उठवलेला मार्क, तो हॉलमार्क.

त्याच सुमारास वर्षाचं अक्षरही आलं. मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण त्यावरून वस्तूचं साल काढता येतं. जुन्या विलायती चमच्याच्या दांड्यामागे भिंग धरा. चालता सिंह दिसला तर चांदी कसाची. जहाजाचा नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची (हे शहर समुद्रापासून चांगलंच दूर आहे!) आणि 1773 किंवा त्यानंतरची. शेजारी कारागिराची आद्याक्षरं.

फसगत होते ती ‘ईपीएनएस’ या अक्षरांनी. तीही कित्येकदा चौकटीत ऐटीत बसलेली असतात, पण तो निकेलच्या मिश्रधातूवरचा चांदीचा मुलामा.

घरातलं जुनं भांडं मोडीत घालण्याआधी त्याची पाठ एकदा नीट वाचा.