लॅपटॉप संगणकाच्या निवडीचे बदलते निकष : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात येरळा नदीच्या काठी वसलेले वडूज हे खटाव या पर्जन्यछायेतील तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. अशा गावातील शिक्षक, विद्यार्थी अथवा लहान व्यापारी यांच्या दृष्टीने लॅपटॉपची खरेदी हा काही वर्षांतून एकदाच करावयाचा मोठा खर्च असतो. निवड चुकल्यास ती सुधारण्याची संधी लवकर मिळत नाही. जाहिरातींमध्ये प्रोसेसरचा वेग, रॅम आणि साठवणक्षमता यांचे आकडे ठळकपणे दिले जातात. हे आकडे आवश्यक असले तरी निवडीसाठी ते पुरेसे आहेत काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सुवाह्य संगणकाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

उद्दिष्टे :
१. लॅपटॉपच्या निवडीचे निकष कसे बदलत गेले, याचा आढावा घेणे.
२. वारणा व खैराट येथील प्रयोगांचा या दृष्टीने विचार करणे.
३. ग्रामीण ग्राहकासाठी निकषांचा योग्य क्रम स्पष्ट करणे.

१. वजन, किंमत आणि वीज :
१९७२ साली ॲलन के यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात ‘डायनाबुक’ ही कल्पना मांडली. वहीसारखा हाताळता येणारा, मुलांना स्वतः वापरता येणारा संगणक असे तिचे स्वरूप होते. प्रत्यक्षात १९८१ साली बाजारात आलेल्या ‘ऑस्बर्न १’ या सुवाह्य संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते. त्याचा पडदा ५ इंची व किंमत १७९५ डॉलर होती. त्यात अंगभूत बॅटरी नव्हती. १९८२ साली आलेल्या ‘ग्रिड कंपास’ने पडदा कळफलकावर मिटण्याची रचना रूढ केली, मात्र त्याची किंमत ८१५० डॉलर असल्याने तो सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर राहिला. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी व्यापारी तत्त्वावर उपलब्ध केली आणि कमी वजनात अधिक काळ वीज साठविणे शक्य झाले. या पहिल्या टप्प्यात यंत्र उचलता येते काय आणि विजेशिवाय चालते काय, हेच निवडीचे प्रमुख निकष होते.

२. भाषेचा निकष :
महाराष्ट्रातील वापरकर्त्यासमोर आणखी एक प्रश्न होता, तो मराठीचा. १९८८ साली पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे महत्त्वाचे कार्य केले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक मान्य झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात दीर्घकाळ निरनिराळ्या खासगी फॉन्टचा वापर होत राहिला. एका संगणकावर टंकलिखित केलेला मराठी मजकूर तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसत असे. शाळेचा अहवाल किंवा कार्यालयीन पत्र पुढे पाठवावयाचे असल्यास ही अडचण यंत्राच्या वेगापेक्षा मोठी होती. युनिकोडचा वापर रुळल्यानंतर ती बरीच दूर झाली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली व एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकाचा परिचय गावोगावी पोहोचला.

३. वारणा : यंत्र आधी, काम नंतर
सातारा-सांगलीच्या वाचकाला जवळचे असे उदाहरण वारणा खोऱ्यातील आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणानगर परिसराच्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना हाती घेण्यात आली. शेतीविषयक माहिती, बाजारभाव व शासकीय सेवा शेतकऱ्याला गावातच मिळाव्यात, असा तिचा व्यापक हेतू होता. कालांतराने मात्र ही केंद्रे मुख्यतः ऊस, खते व देयके यांच्या नोंदींपुरतीच वापरली जाऊ लागली.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. त्यात सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाईल संदेशाद्वारे हीच माहिती देण्यात आली. प्रत्यक्षात होत असलेले काम साध्या मोबाईलवर कमी खर्चात होऊ शकते, असे त्यातून दिसून आले. या उदाहरणावरून संगणक निरुपयोगी होता, असा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु कोणते काम करावयाचे, हे निश्चित होण्यापूर्वीच यंत्र निश्चित झाले होते, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

४. खैराट : निवड कोणाची ?
२००५ साली निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. २००६ साली भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या योजनेत सहभागी होण्यास नकार दिला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, अशी मंत्रालयाची भूमिका होती. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत ‘एक्सओ’ या लॅपटॉपचा छोटा प्रयोग झाला.

या यंत्राची रचना विचार करण्याजोगी होती. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा व रॅम २५६ मेगाबाईट, म्हणजे त्या काळाच्या मानानेही अल्प होती. परंतु त्याचा पडदा उन्हात वाचता येई, कळफलकात धूळ व पाणी सहजी शिरत नसे आणि विजेचा वापर अत्यंत कमी होता. आकड्यांत उणे ठरणारे हे यंत्र परिस्थितीला अनुरूप होते. मात्र शंभर डॉलरचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. प्रत्यक्ष किंमत दोनशे डॉलरच्या जवळपास गेली. वारणा असो वा खैराट, यंत्राची निवड वापरणाऱ्याने केलेली नव्हती. स्वतःच्या पैशाने खरेदी करणाऱ्या ग्राहकाला हा अधिकार असतो; तो जाणीवपूर्वक वापरणे त्याच्या हिताचे आहे.

५. ग्रामीण ग्राहकासाठी निकषांचा क्रम :
वरील विवेचनावरून पहिला निकष कामाचा ठरतो. पत्रव्यवहार, हिशेब व अध्यापन यांसाठी महागड्या ग्राफिक्सची आवश्यकता नसते. अभियांत्रिकी आराखडे वा चित्रफितींचे संपादन यांसाठी ती असू शकते. दुसरा निकष विजेचा आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता उष्णतेने व वापराने घटत जाते. म्हणून बॅटरी बदलता येते काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे. तिसरा निकष दुरुस्तीचा आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकावरच पक्की बसविलेली असते व ती पुढे वाढविता येत नाही. सेवाकेंद्र वडूजपासून किती दूर आहे, हाही खर्चाचाच भाग होय. चौथा निकष आयुर्मानाचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सुविधा संपली. त्यामुळे जुना लॅपटॉप स्वस्तात घेताना तो पुढील आवृत्ती स्वीकारतो काय, हे तपासणे अगत्याचे आहे. वेग व साठवण यांचे आकडे या चारही प्रश्नांनंतर पाहावेत.

समारोप :
सुवाह्य संगणकाच्या पाच दशकांच्या वाटचालीत वजन घटले, वेग वाढला आणि मराठीची अडचणही बऱ्याच अंशी दूर झाली. तथापि यंत्र परिस्थितीला अनुरूप आहे काय, हा मूळ प्रश्न कायम राहिला. वारणा व खैराट येथील प्रयोग हीच गोष्ट दोन भिन्न बाजूंनी सांगतात. वडूजच्या दुकानात लॅपटॉप पाहणाऱ्या ग्राहकाने ‘यात काय काय आहे ?’ यापूर्वी ‘माझे काम काय आहे, आणि ते येथे किती वर्षे चालेल ?’ असे विचारल्यास त्याच्या कष्टाच्या पैशाचे चीज होण्याची शक्यता अधिक आहे.