ऑटोकरेक्टचा शब्दकोश आणि भारतीय भाषा

केरळ सरकारने १९७१ साली मलयालम लिपीच बदलली. टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांवर त्या लिपीतील शेकडो जोडाक्षरे मावत नव्हती. म्हणून उकाराची चिन्हे व्यंजनापासून सुटी केली गेली आणि पुष्कळशी जोडाक्षरे फोडून लिहावीत असे ठरले. यंत्राच्या सोयीसाठी भाषेने स्वतःला दुरुस्त करून घेतल्याचे इतके स्पष्ट उदाहरण भारतात दुसरे क्वचितच सापडेल. मोबाइलवर टाइप केलेला शब्द डोळ्यांदेखत बदलून जातो, तेव्हाही बरोबर काय हे यंत्रच ठरवत असते. मात्र १९७१ चा बदल सरकारी आदेशाने झाला होता आणि त्यावर वादही घालता आला.

ऑटोकरेक्टची मुळे इंग्रजीत आहेत. १९६१ मध्ये एमआयटीत लेस अर्नेस्ट यांनी हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रणालीच्या मदतीला इंग्रजीतील १०,००० नेहमीच्या शब्दांची यादी जोडली. १९६४ मध्ये आयबीएमच्या फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी दाखवून दिले की, ८० टक्क्यांहून अधिक चुका चारांपैकी एका प्रकारच्या असतात : एक अक्षर गळणे, एक जास्त पडणे, एक बदलणे किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. पुढच्याच वर्षी सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी दोन अक्षरमालिकांमधील ‘अंतर’ मोजण्याची रीत मांडली. त्यांचा विषय शुद्धलेखन नव्हता. संदेशवहनातील संकेत कसे दुरुस्त करावेत हा होता. यादीत नसलेला शब्द आला की त्याच्या सर्वांत जवळचा शब्द सुचवायचा, हा आजच्या ऑटोकरेक्टचा गाभा या दोन कामांतून आला. १९९० च्या दशकात ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ने तो विचारल्याशिवाय दुरुस्ती करणारा केला. काचेच्या पडद्यावर तर त्याच्यावाचून चालणेच कठीण, कारण बोटाचे टोक एका वेळी दोन-तीन कळा झाकते.

भारतीय भाषांत मात्र या रीतीची गृहीतकेच डळमळतात. पहिले गृहीतक असे की शब्दांची यादी करता येते. इंग्रजी ‘हाउस’ची रूपे बोटांवर मोजता येतात. मराठीत ‘घर’पासून ‘घरासमोरच्यांनाही’पर्यंत जाता येते आणि तमिळमध्ये ‘वीडु’चे ‘वीट्टिलिरुंदु’, म्हणजे ‘घरातून’, होताना मूळ शब्दही बदलतो. अशी सगळी रूपे कोणत्या कोशात भरणार? हंगेरियन भाषेलाही हीच अडचण होती. तिच्यासाठी लिहिलेला ‘हन्स्पेल’ हा मुक्त शुद्धलेखन-तपासक म्हणूनच मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम वेगळे ठेवतो. मलयालमसाठी संतोष तोट्टिंगल यांनी त्यापुढे जाऊन ‘एमएल-मॉर्फ’ हे साधन तयार केले. त्यात पूर्ण रूपांची यादी नाही; मूळ शब्द, प्रत्यय आणि संधी यांचे नियम रेल्वेच्या रुळांसारखे जोडलेले आहेत. शब्द त्या रुळांवरून शेवटच्या स्थानकापर्यंत पोहोचला तर तो वैध.

दुसरे गृहीतक असे की सगळ्या चुका सारख्याच. लेव्हेनश्टाइनच्या हिशेबात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि ‘क’च्या जागी ‘ह’ लिहिण्याची चूक यांची किंमत एकच. पहिली चूक रोज होते, दुसरी कळ चुकल्याशिवाय होत नाही. बंगालीत तर ‘न’ आणि ‘ण’ यांचे तसेच ‘श’ आणि ‘ष’ यांचे उच्चार एकच झाले आहेत. लिहिणाऱ्याला कान मदत करत नाहीत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बिद्युत बरन चौधुरी यांनी हे ओळखून समान उच्चाराच्या शब्दांचे गट केले आणि शब्दकोश दोनदा साठवला, एकदा सरळ व एकदा उलटा. चुकलेला शब्द पुढून कुठवर जुळतो आणि मागून कुठवर, हे कळले की चूक मधल्या अरुंद जागेत पकडता येते. कल्पना साधी आहे, पण ती बंगाली माणसाच्या चुका पाहून सुचलेली आहे. तरीही ‘शिर’ आणि ‘शीर’ किंवा ‘दिन’ आणि ‘दीन’ अशा जोड्यांपुढे कोणताही कोश हतबल होतो, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. तेथे आजूबाजूचे वाक्य वाचावे लागते.

तिसरी अडचण दिसतच नाही. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, १९८६ चा ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक आणि १९९१ चे ‘इस्की’ मानक यांनी ब्राह्मीकुळातील लिप्यांना एक समान चौकट दिली. युनिकोडने आपली मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. मात्र मलयालममधील ‘चिल्लु’ ही स्वरविरहित व्यंजने आधी तीन संकेतांच्या मालिकेने लिहिली जात आणि २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये त्यांना स्वतंत्र संकेत मिळाले. पडद्यावर अक्षर तेच, आतला संकेत वेगळा. मराठीतील ‘दऱ्या’मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे साठवता येतो. कोशात एकच प्रकार असेल, तर अगदी बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली लाल रेघ उमटते आणि लिहिणारा स्वतःच्या शुद्धलेखनावर शंका घेत बसतो.

उपयोगाची बाजूही तेवढीच खरी आहे. इन्स्क्रिप्ट शिकण्याचे कष्ट बहुतेकांनी घेतलेच नाहीत. रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करावे आणि फोनने देवनागरी, कन्नड किंवा गुरुमुखी शब्द पुढे ठेवावा, ही सोय ऑटोकरेक्टच्याच विद्येवर उभी आहे. तीत मूळ ‘चूक’ अशी नसतेच. एकच शब्द प्रत्येक जण वेगळ्या रोमन अक्षरांत लिहितो. आयआयटी मद्रासमधील ‘एआयफोरभारत’ गटाने ‘अक्षरांतर’ या खुल्या संग्रहात २१ भाषांतील सुमारे २.६ कोटी शब्दजोड्या गोळा केल्या, त्या याच कामासाठी. ज्यांना आपल्या लिपीत एक ओळही टाइप करता येत नव्हती, त्यांना या सोयीमुळे ती करता येते.

प्रश्न उरतो तो कोशात कोण शिरले याचा. असे संग्रह प्रामुख्याने छापील आणि संगणकावर उपलब्ध असलेल्या मजकुरातून तयार होतात, आणि तो मजकूर प्रमाणभाषेत अधिक असतो. संथाळीच्या ओल चिकी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीही २००८ मध्येच. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी ती घडवल्यानंतर ८० हून अधिक वर्षांनी. त्याआधी त्या लिपीला युनिकोडचे संकेतच नव्हते, मग दुरुस्ती कशाची होणार? भोजपुरीची गोष्ट वेगळी आहे. तिची लिपी देवनागरीच, त्यामुळे ती हिंदीच्या कळफलकावर सहज टाइप होते, आणि हिंदीपुरताच कोश असेल तर तिची क्रियापदे त्याला चुकलेली हिंदी वाटतात. २०११ च्या जनगणनेत ५ कोटींहून अधिक लोकांनी भोजपुरी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. तक्त्यात ती हिंदीखालीच मोजली गेली.