कारकिर्दीच्या मध्यावर युरोपची वाट : भारतीय फुटबॉलपटूसमोरील संधी आणि अडसर

एखादा भारतीय फुटबॉलपटू इंडियन सुपर लीगमध्ये सलग दोन-तीन हंगाम चमकला, की त्याने आता युरोपात जावे, अशी चर्चा मैदानावर आणि मैदानाबाहेर सुरू होते. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या प्रदेशात तर हमखास. तथापि २५ ते २९ या वयात युरोपची वाट धरणे केवळ कौशल्यावर अवलंबून नसते. वय, करार, परवाना आणि पारपत्र या चार गोष्टींचा मेळ बसला, तरच ते साधते.

आजवरचे प्रवासी

या वाटेवरचे पहिले नाव महंमद सलीम यांचे. १९३६ मध्ये ते स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने अनवाणी, पायांना पट्ट्या बांधून खेळले. प्रेक्षकांना त्यांनी जिंकले. पण घरच्या ओढीने ते परतले. पुढे सहा दशकांहून अधिक काळ ही वाट सुनीच राहिली. १९९९ मध्ये बायचुंग भुतियाने इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतील बरी क्लबशी करार केला. दुखापती आणि क्लबची बिघडलेली आर्थिक स्थिती यांमुळे तीन वर्षांत हा अध्याय संपला.

सुनील छेत्री २७ वर्षांचा असताना, २०१२ मध्ये, पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबच्या ‘ब’ संघात दाखल झाला. तेथे त्याला जेमतेम तीन सामने मिळाले. त्यानंतर तो उसनवारीवर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि त्याच हंगामात चर्चिलने आय-लीग जिंकली. संदेश झिंगनने २०२१ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबशी करार केला. परंतु सरावातील दुखापतीमुळे एकही अधिकृत सामना न खेळता तो काही महिन्यांत मायदेशी परतला.

तुलनेने सरस ठरला तो गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू. तो २०१४ मध्ये, २२व्या वर्षी, नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला. दीर्घकाळ राखीव बाकावर थांबण्याची तयारी त्याने ठेवली. २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळून असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला.

वयाचे गणित

युरोपातील मध्यम आणि लहान क्लब खेळाडूकडे गुंतवणूक म्हणून पाहतात. विशीतील खेळाडू घडवून पुढे मोठ्या किमतीस विकता येतो. अठ्ठाविशीतील खेळाडूच्या बाबतीत ही शक्यता उरत नाही. त्याने पहिल्या दिवसापासून उपयोगी पडावे, अशी अपेक्षा असते. भाषा, हवामान आणि खेळाचा वेग यांच्याशी जुळवून घेण्यास जो अवधी संधूला मिळाला, तो अशा खेळाडूस सहसा मिळत नाही.

वाढत्या वयाचे काही फायदेही आहेत. खेळाडू घडविणाऱ्या क्लबांना द्यावी लागणारी प्रशिक्षण भरपाई फिफाच्या नियमांनुसार वयाच्या २३व्या वर्षापर्यंतच लागू असते. कराराचे शेवटचे सहा महिने उरले असता खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलणी करून आगाऊ करार करू शकतो, आणि करार संपल्यावर नव्या क्लबास हस्तांतरण शुल्क मोजावे लागत नाही. उलट कराराच्या मध्यावर शुल्क देऊन हस्तांतरण झाले, तर त्यातील पाच टक्के रक्कम १२ ते २३ या वयात खेळाडूस घडविणाऱ्या क्लबांत विभागली जाते. गावपातळीवरील क्लबांनी खेळाडूंच्या नोंदी जपून ठेवाव्यात, त्या यासाठीच.

परवान्याची भिंत

इंग्लंडमध्ये परवाना हाच मोठा अडसर राहिला आहे. २००९ मध्ये छेत्रीने क्वीन्स पार्क रेंजर्सशी केलेला करार कामाच्या परवान्याअभावी फिसकटला. कारण भारत तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिल्या ७० संघांत नव्हता. २०२१ पासून तेथे गुणांवर आधारित पद्धत आली. तिच्यातही राष्ट्रीय संघाचे मानांकन आणि खेळाडू ज्या लीगमधून येतो तिचा दर्जा यांना मोठे वजन आहे. नेदरलँड्समध्ये युरोपीय संघाबाहेरील खेळाडूस ठरावीक किमान वेतन देणे बंधनकारक असून ती रक्कम लहान क्लबांना पेलत नाही. म्हणूनच भारतीय खेळाडूंची पावले नॉर्वे, क्रोएशिया, पोर्तुगाल अशा देशांकडे वळली.

पारपत्राचा पेच

गोमंतकीय खेळाडूपुढे आणखी एक दार दिसते. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. ते मिळाल्यास युरोपीय संघात वेतनाची अट वा परकीय खेळाडूंची मर्यादा आड येत नाही. मात्र नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, आणि भारतीय पारपत्राविना राष्ट्रीय संघाचे दार बंद होते. क्लबसाठी देशाची जर्सी सोडावी काय, हा प्रश्न अखेरीस ज्याचा त्याने सोडवावयाचा आहे. पण त्याची किंमत आधीच ठाऊक असावी.

मुलींनी दाखवलेली वाट

बाला देवीने २०२० मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, स्कॉटलंडच्या रेंजर्सशी व्यावसायिक करार केला आणि तेथे गोलही नोंदविला. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. असे करणारी ती पहिली भारतीय. बाला देवीचे उदाहरण सांगते, की तिशी जवळ आली म्हणून दार आपोआप बंद होत नाही.

निर्णयापूर्वी

आयएसएलमधील आघाडीच्या खेळाडूस युरोपातील लहान लीगमध्ये अनेकदा कमी वेतन स्वीकारावे लागते. कालपर्यंत हेच मायदेशी राहण्याचे सबळ कारण होते. मात्र २०२५-२६चा आयएसएल हंगाम ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही, तेव्हा घरची भाकरीही शाश्वत नाही, हे खेळाडूंना उमगले. अशा वेळी क्लबच्या नावाची भुरळ पडू न देता तीन गोष्टी तपासाव्यात : आपल्या जागेवर आधीच किती खेळाडू आहेत, दुखापत झाल्यास करारात कोणते संरक्षण आहे, आणि परतीचा मार्ग खुला आहे काय. चोविशीत गेलेल्यास चुकण्यास वाव असतो. अठ्ठाविशीत गेलेल्यास बहुधा एकच हंगाम मिळतो. तो बाकावर सरला, तर युरोपही दुरावते आणि राष्ट्रीय संघातील जागाही.