पायधुणीपासून आणिकपर्यंत

मुंबईतल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे दोनच कप्पे उघडले जातात. एकात सेठ-सौदागर, त्यांची जहाजे, त्यांनी बांधलेल्या मशिदी आणि मुसाफिरखाने. दुसऱ्यात दंगली. या दोहोंच्या मधे जो माणूस रोज सकाळी डबा घेऊन गोदीत, बाजारात, कारखान्यात गेला, तो कोणत्या कप्प्यात ठेवायचा हे आपण अजून ठरवलेले नाही. तो ज्या गाड्यांतून गेला, निदान त्या गाड्यांचा तरी मागोवा घ्यावा असे बरेच दिवस मनात होते. त्या गाड्याही साध्या नव्हत्या. घोड्यांची ट्राम, दुमजली ट्राम, तारेवर चालणारी बस, ड्रायव्हरची खोली वेगळी असलेली बस असे एकेक विलक्षण वाहन या शहराने पाहिले आणि विसरूनही गेले.

9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग दोन. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. दोन्ही मार्गांचे शेवटचे टोक आपल्या मोहल्ल्यांच्या उंबरठ्यावर होते, हे मला महत्त्वाचे वाटते. यात कंपनीचे प्रेम वगैरे काही नव्हते. माल, बाजार आणि माणसांची वर्दळ तिथे होती, म्हणून रूळ तिथे गेले. स्टर्न्स अँड किटरेज ही ती कंपनी. तिच्या तबेल्यांत 900 घोडे होते. एवढ्या घोड्यांना चारा-पाणी करणारी, खरारा करणारी, नाल ठोकणारी माणसे किती असतील, याचा नुसता अंदाज करून पाहावा.

7 मे 1907 रोजी विजेची ट्राम आली, घोडे गेले. 1920 मध्ये तिच्यावर दुसरा मजला चढला. रस्ता रुंद करता येत नाही, गर्दी कमी होत नाही, तेव्हा माणसे वर बसवा, हा तो हिशेब. पुढची शंभर वर्षे मुंबईच्या वाहनांत जे जे चमत्कारिक दिसले त्याच्या मुळाशी बहुतेक हाच हिशेब आहे.

बस मात्र आली ती साहेबी थाटात. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. त्या वर्षअखेरपर्यंत सहा लाख लोकांनी तिचा प्रवास केला. पण हे लोक कोण? ट्रामने ससून डॉकपासून दादरपर्यंत दीड आण्यात जाता येई. बसला त्याच अंतराचे चार आणे पडत. क्रॉफर्ड मार्केटजवळ राहणारा हमाल बस बघत असेल, बसत ट्राममध्येच असेल. बसने गरिबाची गाडी व्हायला बराच काळ घेतला. 1937 मध्ये दुमजली बस आली. 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली तेव्हा 23 मार्गांवर 242 बसगाड्या होत्या.

याच सुमाराच्या बेस्टमध्ये बदरुद्दीन काझी नावाचा एक तरुण कंडक्टर होता. इंदूरहून आलेला, गिरणी कामगाराचा मुलगा. उतारूंना हसवत तिकिटे फाडायचा. बलराज साहनींच्या नजरेत भरला, गुरुदत्तच्या 1951 च्या ‘बाजी’त आला आणि जॉनी वॉकर झाला. त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याबरोबर त्याच गाड्यांवर उभे राहून घसा कोरडा करणारे बाकीचे जे कंडक्टर कंडक्टरच राहिले, त्यांचे नाव कोणी घेत नाही.

सर्वांत अनोखी गाडी म्हणजे ट्रॉलीबस. 11 जून 1962 रोजी ती गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी सुरू झाली. ट्राममध्ये वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते, म्हणून तिला एकच तार पुरते. रबरी चाकांच्या गाडीला ही परतीची वाट नाही. म्हणून ट्रॉलीबसच्या टपावर दोन दांड्या आणि रस्त्यावर दोन तारा. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. रुळांवाचून ती थोडी डावी-उजवीकडे सरकू शके, पण तारांचे राज्य सोडून जाणे तिला शक्य नव्हते. तिचे एक टोक माझगावात, म्हणजे गोदी कामगारांच्या आणि कोकणी खलाशांच्या वस्तीत. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून गावाकडची ट्रंक सांभाळत आलेल्या माणसाने ही बिनआवाजी गाडी पाहिली तेव्हा त्याला काय वाटले असेल? नऊ वर्षेही ती पुरती टिकली नाही. 24 मार्च 1971 ला बंद झाली. विजेच्या बसचे आज एवढे कौतुक चालते, तेव्हा हिची आठवण होते.

साठच्या दशकातच ट्रेलर बसही आली. पुढे ड्रायव्हरची केबिन आणि इंजिन असलेला स्वतंत्र तुकडा, मागे त्याला जोडलेला प्रवाशांचा डबा. कधी तोही दुमजली. ड्रायव्हर एका गाडीत, कंडक्टर दुसऱ्या गाडीत. मुंबईची गर्दी एका फेरीत उचलण्याचा तो आणखी एक खटाटोप होता. तोही मागे पडला.

31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. अलीकडे भाटिया बागेत ट्राम ठेवायची ठरली तेव्हा डबा कोलकात्याहून आणावा लागला! शंभर वर्षांच्या आसपास जे वाहन आपल्या रस्त्यांवर धावले, त्याचा एक डबा आपण जपला नव्हता. ट्रामचे रूळ तर डांबराखाली गाडले गेले. फ्लोरा फाउंटनपाशी खोदकामात ते पुन्हा दिसले तेव्हा लोक अचंब्याने पाहायला गेले.

डबल डेकरचे नशीब थोडे बरे. नव्वदच्या दशकात बेस्टकडे नऊशेवर डबल डेकर होत्या. दोन मजल्यांना दोन कंडक्टर लागत, म्हणून ती महाग ठरली आणि कमी होत गेली. 15 सप्टेंबर 2023 रोजी शेवटची डिझेल डबल डेकर अंधेरीत धावली. लोकांनी तिला फुलांनी सजवले, वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीशी बसून फोटो काढले. त्याच वर्षी विजेवर चालणारी वातानुकूलित डबल डेकर रस्त्यावर आलेली होती. ती सुंदर आहे, पण तिच्या खिडकीतून मोहम्मद अली रोडवरच्या खिमा-पावाचा वास आत येत नाही. असो.

आणिक आगारात बेस्टचे संग्रहालय आहे. 1984 मध्ये कुर्ल्यात सुरू झाले, 1993 मध्ये इथे आले. ट्राम-बसच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकिटांची यंत्रे तिथे पाहायला मिळतात. गाड्या समजतात. ज्यांनी त्या हाकल्या, धुतल्या, दुरुस्त केल्या, त्यांचे कागद मात्र तिथे कमी आणि आपल्या घरांत जास्त असावेत. कोकणातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर मुंबईहून परतलेली पत्र्याची ट्रंक असेल. तिच्या तळाशी कंडक्टरचा बिल्ला असेल, आगारातल्या सहकाऱ्यांबरोबरचा एखादा पिवळा पडलेला फोटो असेल. ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा ती उघडून बघावी आणि फोटोतली माणसे कोण, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवावे.