अंड्याच्या बलकापासून केईएमपर्यंत

२०२१च्या मे महिन्यात पुणे-मुंबई-नागपूरहून येणाऱ्या फोनवर एकच नाव ऐकू येई: लायपोसोमल अँफोटेरिसिन. कोविडमागोमाग काळ्या बुरशीने गाठले होते आणि इंजेक्शन काही मिळत नव्हते. अँफोटेरिसिन हे औषध, पण हे ‘लायपोसोमल’ काय प्रकरण आहे?

त्यासाठी साठ वर्षे मागे, इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहॅमला जावे लागेल. तेथे रक्ताचे अभ्यासक अलेक बँगम आणि त्यांचे सहकारी हॉर्न यांनी लेसिथिन पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. लेसिथिन म्हणजे अंड्याच्या बलकातही असतो तो स्निग्ध पदार्थ. दिसले काय, तर कांद्यासारखे पापुद्र्यांचे सूक्ष्म गोळे! ते कोणी वळले नव्हते. या रेणूच्या डोक्याला पाण्याची ओढ, तर शेपट्यांना पाण्याचे वावडे. म्हणून शेपट्या आत लपवून रेणू दुहेरी रांगा धरतात आणि त्यांची आपोआप पुरचुंडी होते. आपल्या पेशींचे आवरणही याच जातीचे. गमतीने यांना ‘बँगोसोम’ म्हणत. पुढे ‘लायपोसोम’ हे नाव रुळले.

१९७१मध्ये लंडनला ग्रेगोरिआडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी या पुरचुंडीत एन्झाइम भरून ते उंदरांना टोचले, आणि औषधे पोचवण्याची वाट दिसली. १९९५मध्ये अमेरिकेत कर्करोगावरच्या ‘डॉक्सिल’ला मान्यता मिळाली.

अँफोटेरिसिन मोठे जहाल औषध. बुरशी मारते, पण रोग्याला हुडहुडी भरते, मूत्रपिंडे बिघडतात. पाण्यात न विरघळणारे हे औषध लायपोसोमच्या स्निग्ध थरातच बसवले, की हा त्रास पुष्कळ कमी होतो. मात्र परदेशी इंजेक्शन आपल्याकडच्या सामान्य रोग्याला परवडणारे नव्हते. तेव्हा मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. बच्छावत यांच्यासोबत, देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन विकसित केले. तेच ‘फंजिसोम’. देण्याआधी पाऊण तास ते ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावे लागते. थोडा खटाटोप आहे खरा, पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला तो नक्कीच चालेल. या कामाची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही, असे मला वाटते.

२०२१मध्ये तुटवडा का पडला, याचे गणितही सोपे आहे. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले, तर साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि त्याही कित्येक आठवडे. एरवी क्वचित होणाऱ्या या आजारासाठी एवढा साठा कोण करून ठेवणार?

त्याच दिवसांत इकडे आपल्यापैकी अनेकांनी दंडावर फायझर किंवा मॉडर्नाची लस टोचून घेतली. तिच्यातला नाजूक एमआरएनए ज्या स्निग्ध कणांत गुंडाळलेला होता, ते बँगम यांच्या पुरचुंडीचेच नातलग.