मेंढ्याचे गोटूल आणि सागाचे खांब

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील गोंड व माडिया गावांमध्ये सार्वजनिक वास्तू उभारण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात बांधणारा, वर्गणी देणारा आणि वापरणारा असे तीन वेगळे वर्ग पडत नाहीत. अन्य समाजांत चर्चच्या सभागृहाला किंवा विहाराला जे स्थान असते, त्याच्या जवळपास जाणारी येथील वास्तू म्हणजे गोटूल, अर्थात गावातील तरुण-तरुणी रात्री जमून गाणी, नाच आणि समाजाचे रिवाज जेथे शिकत, ते सर्वांचे घर. शेजारच्या बस्तरमधील मुरिया गोंडांच्या परंपरेत या संस्थेचा आरंभकर्ता म्हणून लिंगो या पूर्वजदेवाचे नाव घेतले जाते. व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या गोटुलावरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर बस्तरची ही संस्था जगभर गाजली खरी; पण वाचकांचे कुतूहल तरुणांच्या सहवासापाशीच घुटमळले आणि हे घर कोण बांधतो, त्याचे लाकूड कोठून येते, हा इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रश्न मागे राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या जेमतेम चारशे-पाचशे वस्तीच्या गोंड गावात सापडते. घरटी एक माणूस या हिशेबाने कामाला जाणे, जंगलातून खांब, मयाल (आडव्या तुळया) आणि बांबू आणणे, कुडाच्या भिंतींना माती लिंपणे, छपरावर कवेलू (कौले) चढवणे, ही कामे या भागात मजुरीने नव्हे, तर गावकीने होत आली आहेत. खांबांसाठी साग निवडला जातो, कारण जमिनीत गाडलेल्या सागाला वाळवी सहसा लागत नाही. नेमका हाच साग पुढे वादाचा विषय ठरला.

जमीनदारीच्या काळापासून गावाला घरबांधणी, सरपण व शेतीची अवजारे यांसाठी जंगलातून लाकूड घेण्याची मुभा होती. तिला निस्तार हक्क म्हणतात. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील जमीनदाऱ्या संपल्या, जंगले सरकारकडे गेली आणि निस्तार कागदोपत्री उरला, तरी प्रत्यक्षात सागासाठी वनखात्यापुढे हात पसरावे लागले. भोपालपट्टनम व इचमपल्ली धरणांविरुद्धच्या १९८४-८५ च्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनाने या भागात जी जाग आणली, तिच्या ओघात मेंढ्याने मोडकळीस आलेली गोटुलाची प्रथा पुन्हा उभी करण्याचे ठरवले आणि त्यासाठी जंगलातून साग आणला. वनखात्याने ते बेकायदा ठरवून बांधलेले गोटूल पाडले. याचा परिणाम अधिकाऱ्यांच्या अपेक्षेच्या अगदी उलट झाला: गाव नमले नाही, उलट आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले बांधायला घेतली. एक इमारत पाडता येते, पण गावोगाव उभ्या राहणाऱ्या इमारती पाडत बसणे कोणत्याही खात्याला परवडणारे नसते. अखेर मेंढ्याचे गोटूल पुन्हा उभे राहिले.

या संघर्षाकडे केवळ वास्तुपुनरुज्जीवनाची घटना म्हणून पाहणे अपुरे आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात गावाने अभ्यासगट सुरू केले, म्हणजे निर्णयापूर्वी माहिती गोळा करून चर्चा करणारी मंडळे, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याचा नियम पाळला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच काळातली. तिच्यामागे केवळ विचार नव्हता, तर स्वतःच्या हातांनी उभारलेल्या आणि राखलेल्या वास्तूचा अनुभवही होता, असे मानण्यास जागा आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकातून या गावाची वाटचाल मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.

जंगलावरील गावाच्या हक्काला कायद्याची मान्यता मात्र बरीच नंतर मिळाली. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले.