'आय अँड आय' : एका सर्वनामाची कुळकथा

जमैकातल्या रास्ताफारी पंथाचा माणूस स्वतःविषयी बोलताना बहुधा 'आय अँड आय' म्हणतो. शब्दशः अर्थ 'मी आणि मी'. त्यातला एक 'मी' बोलणाऱ्याचा, दुसरा त्याच्या आत वसणाऱ्या जाहचा, म्हणजे ईश्वराचा. समोरच्या माणसातही तोच जाह वसतो, म्हणून त्यालाही 'यू' न म्हणता 'दि आय' म्हणायचे. परिणामी 'आय अँड आय'चा अर्थ प्रसंगानुसार 'मी', 'तू आणि मी' किंवा 'आम्ही सगळे' असा होतो. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' असा मराठीतला भेद इंग्रजीत नाही. 'आय अँड आय' हे 'आपण'च्या जवळचे आहे. फरक इतकाच की त्यात 'मी' विरघळत नाही, दोनदा उच्चारला जातो.

हे सर्वनाम फार जुने नाही. ते विसाव्या शतकाच्या मध्यावर किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये आणि शेजारच्या डोंगरावर घडले. भाषा सहसा कुणी ठरवून घडवत नाही, हे सर्वनाम जिच्यात आहे ती रास्ताफारींची वाणी मात्र ठरवून घडवली गेली. तिच्याविषयीचे बहुतेक वाद हे न ओळखल्यामुळे होतात. कुणी तिला बिघडलेली इंग्रजी समजतो, कुणी जमैकाची बोली. ती या दोन्हींच्या उरावर मुद्दाम बांधलेली तिसरीच वाणी आहे.

त्यातली बोली आधी पाहायला हवी. इंग्रजांनी १६५५ साली स्पेनकडून जमैका घेतले आणि पुढच्या शतकात ते बेट उसाच्या मळ्यांनी भरून काढले. मळ्यांवर राबायला पश्चिम आफ्रिकेतून अकान, इग्बो, काँगो अशा अनेक भाषांचे लोक गुलाम म्हणून आणले गेले. त्यांना एकमेकांशी आणि मुकादमाशी बोलण्यासाठी जी भाषा तयार झाली, ती पात्वा. तिचे बहुतेक शब्द इंग्रजीतून आलेले आहेत, पण वाक्याची घडण तिची स्वतःची आहे. 'मी सी इम' म्हणजे 'मी त्याला पाहिले'. क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय लागत नाही, आणि सर्वनाम कर्ता असो वा कर्म, रूप बदलत नाही. 'तुम्ही'साठी असलेले 'उनू' इग्बो भाषेतून जसेच्या तसे आले आहे. शाळेत मात्र या भाषेला पिढ्यानपिढ्या 'मोडकी इंग्रजी' म्हटले गेले आणि ती बोलणाऱ्या मुलांना लाज शिकवली गेली. लाज शब्दांतही उतरली. रविवारी जन्मलेल्या मुलाचे अकान नाव क्वासी. त्याचे जमैकात 'क्वाशी' झाले आणि पुढे त्याचा अर्थ मूर्ख, अडाणी असा उरला.

पात्वातल्या 'मी'चा उच्चार मराठी 'मी'सारखाच असला तरी तो इंग्रजी कर्मरूपातून, म्हणजे 'मला' या अर्थाच्या शब्दातून आला आहे. रास्ताफारींचे बोट नेमके याच्यावर पडले. ज्याला विकले, ज्याला फटके मारले, तो 'मला'. आणि त्याच रूपात माणूस आजही स्वतःची ओळख सांगतो, हे त्यांना असह्य झाले. व्याकरणाच्या कसोटीवर हा आक्षेप टिकत नाही. पात्वात कोणत्याच सर्वनामाला विभक्ती नसते, त्यामुळे तिथला 'मी' कर्म म्हणून उरलेलाच नाही. पण रास्ताफारी हे व्याकरण म्हणून वाचत नव्हते, इतिहास म्हणून वाचत होते, आणि इतिहास म्हणून त्यांचे वाचन खरे होते.

पंथाची सुरुवात १९३० च्या दशकातली. मार्कस गार्वी यांनी १९१४ साली जमैकात स्थापन केलेल्या संघटनेने काळ्या माणसाच्या मनात आफ्रिकेविषयी अभिमान पेरला होता. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास ताफारी यांचा सम्राट हैले सेलासी म्हणून राज्याभिषेक झाला. 'रास' ही अम्हारिक भाषेतली पदवी आहे, ताफारी हे त्यांचे मूळ नाव. आफ्रिकेतला काळा राजा मुकुट धारण करतो आहे ही बातमी जमैकात काहींनी बायबलातल्या भविष्यवाणीसारखी वाचली. १९३२ मध्ये मायदेशी परतलेले लेनर्ड हॉवेल तिचा प्रचार करणाऱ्यांत आघाडीवर होते. ब्रिटिश राजाऐवजी इथिओपियाच्या राजाशी निष्ठा ठेवा, असे सांगितल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांना राजद्रोहासाठी दोन वर्षांची शिक्षा झाली. १९४० मध्ये त्यांनी सेंट कॅथरिन परगण्यात 'पिनॅकल' नावाची वसाहत उभारली. पोलिसांनी १९५४ मध्ये ती मोडून काढली.

या ठिकाणी कथेत भारत येतो. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी करारबद्ध मजूर आणायला सुरुवात केली. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय जमैकात उतरले. त्यांतले बहुसंख्य उत्तर भारतातले, भोजपुरी मुलखातले होते. त्यांच्याबरोबर गांजा गेला, शब्दही गेला आणि चिलीमही गेली. रास्ताफारींच्या पवित्र वनस्पतीला जमैकात आजही 'गांजा'च म्हणतात. तो ओढण्याच्या नळीला 'चिलम' म्हणतात. मराठी वाचकाला हे दोन शब्द भाषांतराशिवाय कळतात, ते या जहाजांमुळे. खुद्द हॉवेल यांनी आपली पुस्तिका 'गंगुनगुरू मराघ' या टोपणनावाने छापली. त्यातले 'गुरू' आणि 'महाराज' लपत नाहीत. रास्ताफारी वाणीचा उल्लेख फक्त आफ्रिका आणि बायबल यांच्या संदर्भात करणारे लेखक हा धागा सोडून देतात. तो सोडण्यासारखा नाही.

हॉवेल यांच्या पिढीला वेगळी भाषा मात्र नव्हती. ते लोक पात्वा बोलत आणि प्रवचन बायबलच्या इंग्रजीत करत. वळण आले ते पुढच्या पिढीत. १९४९ च्या सुमारास पश्चिम किंग्स्टनच्या ट्रेंच टाउन वस्तीत 'यूथ ब्लॅक फेथ' नावाचा तरुणांचा गट उभा राहिला. समाजशास्त्रज्ञ बॅरी शेव्हान्स यांनी पुढे त्यातल्या म्हाताऱ्या झालेल्या सदस्यांना गाठून त्यांची हकिगत नोंदवली. हे तरुण आधीच्या पुढाऱ्यांपेक्षा कडवे होते. जुन्यांच्या मंत्रतंत्राला त्यांनी विरोध केला, विंचरणे सोडून जटा राखण्याचा आग्रह धरला आणि रात्ररात्र चर्चा केल्या. या चर्चेला ते 'रीझनिंग' म्हणत. गोलाकार बसायचे, चिलीम फिरायची आणि बायबलच्या एखाद्या ओळीवर, मग तिच्यातल्या एका शब्दावर, मग त्या शब्दातल्या एका आवाजावर वाद चालायचा. रास्ताफारी वाणीची टांकसाळ ती हीच. त्यानंतर किंग्स्टनच्या पूर्वेला वारीका डोंगरावर राहणाऱ्या विरक्त गटांनी 'आय'ने सुरू होणारे शब्द पद्धतशीरपणे रचले. तिथे मीठ वर्ज्य होते, अन्न साधे होते, आणि बोलणेही तसेच शुद्ध करायचे होते.

'आय'च का? इंग्रजीत हा एकच उच्चार 'मी'चा आहे आणि 'डोळ्या'चाही. लिहिताना तो एक उभी रेघ आहे, आणि तीच रोमन आकड्यातला 'एक' आहे. सम्राटाच्या नावापुढे 'पहिले' या अर्थाने तो आकडा लिहिला जात असे. इंग्रज तो 'द फर्स्ट' असा वाचतो, रास्ताफारींनी तो अक्षर म्हणून वाचला, 'सेलासी आय'. 'रास्ताफारी' शब्दही त्यांच्या तोंडी 'रास्ताफाराय' असा संपतो. देवाच्या नावाचा शेवट, पाहणारा डोळा, ताठ उभा माणूस आणि 'मी', हे सगळे एका आवाजात सापडल्यावर त्यांनी तो आवाज शब्दाशब्दांत पेरला.

पेरण्याची रीत साधी होती. शब्दाचे पहिले अक्षर काढायचे आणि तिथे 'आय' बसवायचा. 'व्हायटल'चे 'आयटल' झाले. हे त्यांच्या मीठविरहित, शाकाहाराकडे झुकलेल्या अन्नाचे नाव. 'क्रिएशन'चे 'आयरेशन', 'युनिटी'चे 'आयनिटी', स्तुती या अर्थाच्या 'प्रेझेस'चे 'आयझेस'. दुसरी रीत अधिक धारदार आहे. शब्दाचा आवाज आणि त्याचा अर्थ यांत विरोध दिसला की शब्द दुरुस्त करायचा. जुलूम या अर्थाच्या 'ऑप्रेशन'मध्ये त्यांच्या कानाला 'अप', म्हणजे वर, ऐकू येई. जुलूम तर माणसाला खाली दाबतो, म्हणून 'डाउनप्रेशन'. 'अंडरस्टँड'मध्ये माणूस खाली उभा राहतो, समजणारा तर वर असतो, म्हणून 'ओव्हरस्टँड'. अर्पण करणे या अर्थाच्या 'डेडिकेट'मध्ये 'डेड', मेलेला, येतो, त्याचे 'लिव्हिकेट'. 'अप्रीशिएट'च्या शेवटी त्यांना 'हेट', द्वेष, ऐकू आला, त्याचे 'अप्रीशिलव्ह'. 'सिगारेट'च्या सुरुवातीला 'सी', पाहणे, आहे, आणि तंबाखू तर आंधळे करतो, म्हणून 'ब्लाइंडगरेट'. राजकारणातली लबाडी 'पॉलिट्रिक्स'मध्ये उघड केली. 'बॅबिलॉन' आणि 'झायन' हे शब्द बायबलातलेच, फक्त त्यांचा पत्ता बदलला. बॅबिलॉन म्हणजे पोलीस, सरकार, सगळी दडपणारी व्यवस्था. झायन म्हणजे इथिओपिया.

जमैकन कवयित्री आणि भाषाअभ्यासक व्हेल्मा पोलार्ड यांनी १९८० पासून या शब्दांची वर्गवारी मांडली. जुन्या शब्दाला नवा अर्थ, अर्थाच्या भाराने वाकवलेला आवाज, 'आय'चे शब्द आणि अगदी नवे शब्द, असे त्यांचे वर्ग आहेत. त्यांचे 'ड्रेड टॉक' हे पुस्तक १९९४ साली आले आणि या वाणीला अभ्यासकांमध्ये तेच नाव रुळले. 'आय' आणि 'अम्हारिक' यांच्या जोडातून बनलेले 'आयारिक' हे दुसरे नाव पंथाच्या लोकांना अधिक जवळचे वाटते.

शब्दांच्या या दुरुस्तीवर पहिला हल्ला व्युत्पत्तीच्या बाजूने होतो. 'अंडरस्टँड' हा जुन्या इंग्रजीतला शब्द आहे, आणि त्यातल्या 'अंडर'चा अर्थ 'खाली'पेक्षा 'मध्ये'कडे झुकतो असे कोशकार मानतात. 'ऑप्रेशन' लॅटिनमधून आले, त्यात 'अप' नाही. हे सगळे बरोबर आहे, पण ते रास्ताफारींच्या म्हणण्याला लागू पडत नाही. शब्द कुठून आला हे त्यांनी सांगितलेच नव्हते. तो कानावर पडल्यावर माणसाचे काय करतो हे त्यांनी सांगितले. 'वर्ड, साउंड अँड पॉवर' हे त्यांचे सूत्र आहे: शब्द, ध्वनी आणि शक्ती एकच. ज्यांच्या पूर्वजांची नावे, भाषा आणि देव काढून घेऊन मालकाची भाषा तोंडात घातली गेली, त्यांनी त्या भाषेतला शब्दन् शब्द तपासून घ्यावा, यात अज्ञान नाही. हा सावधपणा आहे.

दुसरा वाद अधिक खोल आहे आणि तो जमैकन माणसांमध्येच आहे. लुईस बेनेट यांनी पात्वातून कविता लिहून तिला रंगमंचावर मान मिळवून दिला. फ्रेडरिक कॅसिडी यांनी तिचा अभ्यास केला, तिच्यासाठी उच्चारानुसारी लेखनपद्धती तयार केली आणि १९६७ मध्ये रॉबर्ट ले पेज यांच्यासह तिचा कोश काढला. २०१२ मध्ये बायबलचा नवा करार त्या लेखनपद्धतीत छापून आला. पात्वाच्या कैवाऱ्यांच्या दृष्टीने आईकडून मिळालेली भाषा जशी आहे तशीच पूर्ण आहे, तिला दुरुस्ती नको. रास्ताफारींच्या दृष्टीने तिच्यातही मळ्याचे वळ आहेत. 'मी'च्या जागी 'आय' आणणारा माणूस नकळत प्रमाण इंग्रजीकडे सरकतो, असा आक्षेप यातून निघतो. कारण 'आय' हे इंग्रजीचे कर्तारूप आहे. त्याला रास्ताफारींचे उत्तर असे, की इंग्रजी 'आय' एकटा असतो, आमचा कधीच नसतो.

लेखनात तर या दोन बाजू समोरासमोर येतात. कॅसिडींच्या पद्धतीत हा ध्वनी दोन अक्षरांनी लिहावा लागतो. मग उभी रेघ नाहीशी होते, रोमन 'एक' नाहीसा होतो, आणि सर्वनामाचा अर्धा अर्थ कागदावरून पुसला जातो. पात्वाला स्वतःची लिपीव्यवस्था मिळणे आवश्यक आहे यात शंका नाही. तरी या एका शब्दापुरता इंग्रजी लेखनाचा आग्रह धरणारा रास्ताफारी चुकत नाही.

स्त्रियांचा प्रश्नही आहे. 'आय' सर्वांत समान असेल तर स्त्री बराच काळ 'डॉटर', म्हणजे मुलगी, का राहिली? मॉरीन रो यांनी १९८० मध्ये आपल्या लेखात पंथातल्या स्त्रीच्या स्थानाची आतून चर्चा केली. 'एम्प्रेस', सम्राज्ञी, हे संबोधन आता सर्रास ऐकू येते. संबोधन बदलल्याने सगळे बदलले असे मात्र नाही.

२१ एप्रिल १९६६ रोजी हैले सेलासी किंग्स्टनला आले आणि हिणवला गेलेला पंथ देशाच्या मध्यभागी आला. इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी वस्त्यांमध्ये बसून केलेल्या चर्चांच्या पुस्तकाला १९६९ मध्ये रास्ताफारींचाच 'ग्राउंडिंग्स' हा शब्द दिला. १९७० च्या दशकात बॉब मार्ली आणि पीटर टॉश यांच्या रेगेबरोबर ही वाणी कॅरिबियन बेटांवर, ब्रिटनमध्ये आणि पुढे आफ्रिकेत गेली. तेव्हापासून तिसरा वाद सुरू आहे: जटा, गांजा आणि चार शब्द उचलले की माणूस 'आय अँड आय' म्हणू शकतो का? जुने रास्ताफारी यावर कडक असतात, आणि त्यांचे बरोबर आहे. पात्वा जन्माने मिळते. ही वाणी व्रतासारखी घ्यावी लागते, आणि व्रताशिवाय ती नुसती नक्कल उरते.

हैले सेलासी यांनी इथिओपियातल्या शाशमाने इथे पाश्चात्त्य देशांतल्या काळ्या लोकांसाठी जमीन दिली. जमैकातून गेलेली रास्ताफारी कुटुंबे तिथे राहतात. अम्हारिकमध्ये 'सेलासी' म्हणजे त्रैक्य, आणि 'मी' म्हणजे 'इने'. 'आय'चा तिथल्या भाषेशी काहीही संबंध नाही. तो शब्द ही माणसे किंग्स्टनहून बरोबर घेऊन गेली आहेत.